पाचोळेकाका आणि दुसरी सही

पाला वाजला की पाचोळेकाका डोळे मिटून घेत. पक्षी बघायला आलेला माणूस ऐन वेळी डोळेच मिटतो, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं यांना चक्कर आली. मी पाण्याची बाटली घेऊन धावलो. त्यांनी हातानं मला थांबवलं आणि डोळे न उघडता म्हणाले, "सातभाई हाय. पाच जण. एक लंगडा." आम्ही झुडपाला वळसा घालून पाहिलं. सातभाई होते. पाचच होते. लंगडा मात्र मी आत्ता लिहिताना घातला. काकांनी फक्त पाच सांगितले होते.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला माझा अंदाज राहील. माझा धंदा फ्लेक्सचा. धरमपेठेत दुकान आहे. वाढदिवसाचे, निवडीचे, श्रद्धांजलीचे बोर्ड छापतो. गल्लीत कुणी ओळखत नाही अशा माणसाला चौकात वीस फुटी करून टांगायचं, हे माझं पोटापाण्याचं काम, आणि ते हळूहळू जिभेलाही लागलं. माझ्या गोष्टीतलं मांजर मी घरी पोचेपर्यंत बिबट झालेलं असतं आणि पानठेल्यावर पोचेपर्यंत त्यानं दोन माणसं खाल्लेली असतात. मित्र हसतात, मी हसतो. यात कुणाचं काही बिघडत नाही असं मी धरून चाललो होतो. पाचोळेकाकांचं बिघडलं.

काकांचं आडनाव पाचोळे नव्हतं. दर रविवारी सकाळी सेमिनरी हिल्सवर सागाच्या झाडीत जमणाऱ्या आमच्या टोळीनं ते ठेवलं होतं. आम्ही सगळे दुर्बिणी आभाळाकडे लावून उभे, आणि हा उंच, वाळका, पांढरा मनिला शर्ट घातलेला माणूस खाली बघत उभा. एकदा डोक्यावरून गरुड गेला. टोळी "अरे अरे" करत नाचायला लागली. काकांनी मानसुद्धा वर केली नाही. "वरचे पाहायले हजार लोक हाय," म्हणाले, "खालच्याईले कोण पाहून राहिलं?"

खालचे म्हणजे जमिनीवर पाला उलटून पोट भरणारे. त्यांची काकांनी स्वतःची वर्गवारी केली होती. कोंबडी-तित्तिरासारखे पायानं उकरतात ते 'उकरे'. सातभाईसारखे चोचीत पान धरून मागं भिरकावतात ते 'उडवे'. कस्तुरासारखे चार पावलं धावतात, थांबतात, मान वाकडी करून बघतात आणि टोचा मारतात ते 'थांबे'. आणि चौथे 'झाडूवाले'. हे चोच डावी-उजवी फिरवून पाला बाजूला सारतात, अंगण झाडल्यासारखा. झाडूवाला काकांनी उभ्या जन्मात पाहिलेला नव्हता. तो अमेरिकेत राहतो आणि त्याला थ्रॅशर म्हणतात, एवढं त्यांनी एका जुन्या पुस्तकात वाचलं होतं. पण खातं उघडून ठेवलं होतं. "जागा करून ठेवा लागते," म्हणायचे, "येईन न कधी."

या थ्रॅशरवर त्यांचा फार जीव. तपकिरी अंग, लांब शेपूट, वाकडी चोच. चित्र पाहिलं तर आपल्या सातभाईचा थोरला भाऊ वाटावा. आधीच्या विद्वानांनी त्याला कधी कस्तुराजवळ बसवलं, कधी आणखी कुणाजवळ. मग रक्ताची तपासणी झाली आणि निघालं की त्याची खरी भाऊबंदकी साळुंकीशी. हे वाचलं त्या दिवशी काकांनी सगळ्या टोळीला तर्री पोहे खाऊ घातले. पुढे कित्येक महिने रस्त्यात साळुंकी दिसली की थांबून तिला सांगत, "काय वं, तुहा चुलतभाऊ तिकडं अमेरिकेत झाडू मारून राहिला. इकडं तू तारेवर बसून पाह्य." साळुंकी उडून जायची. काका खूश.

आमच्या टोळीत एकदा एक नवे गृहस्थ आले. आल्या आल्या काकांना म्हणाले, "आपलं पूर्ण नाव काय?" आपल्या शहरात हा प्रश्न कुठं खणायला निघालेला असतो ते सगळ्यांना माहीत असतं. काका हात जोडून म्हणाले, "जय भीम." गृहस्थांचं खणणं तिथंच संपलं. मग काका अगदी प्रेमानं म्हणाले, "मी पाखराले पहिले काम विचारतो, आडनाव मागाहून. तुम्ही उलटं करून राहिले." गृहस्थ पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी आले, आणि शहाण्यासारखं खाली बघत उभे राहिले.

काकांची सगळी नोकरी हिंगण्याच्या एका कारखान्यात, इन्स्पेक्शन खात्यात गेली. कंपनीच्या बसनं जायचं, दिवसभर लोखंडाचे तुकडे मोजायचे आणि बसनं परत यायचं. तिथला त्यांच्या साहेबाचा नियम होता: एकानं मोजायचं, दुसऱ्यानं पाहायचं आणि कागदावर दोघांनी सही करायची. निवृत्त झाल्यावर काकांनी तो नियम पक्ष्यांना लावला. वहीत पहिली सही त्यांची, दुसरी सोबत्याची. दुसऱ्यानं आपल्या डोळ्यांनी पाहिलं नसेल तर मोर नाचत आला तरी वहीत जागा नाही. "एकाच्या डोळ्यानं पाहिलं ते अफवा," हे त्यांचं बोलणं. आमच्यातले दोन-चार जण या जाचाला कंटाळून दूर झाले. उरलो मी, कारण माझी स्कूटर त्यांच्या वाटेवरून जायची. अकरा वर्षं, अकरा वह्या. सगळ्यांत दुसरी सही माझी.

आता सही करणाऱ्याचं काय चाललं होतं ते ऐका. पहिलं वर्ष मी इमानदारीनं पाहिलं. दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की काका चुकतच नाहीत. मग कशाला मान मोडा? ते झुडपाशी वाकून कुजबुजत, "दिसला का गा?" मी हात वर करायचो, "दिसला." कधी मी दगडावर बसून फोनवर बोर्डाचा नमुना तपासत असे, कधी डुलकी लागलेली असे, कधी खरंच दिसलेलाही असे. हात तेवढाच वर जायचा. वर आपली सवय: नुसतं "दिसला" म्हणून जीभ थांबत नसे. "दिसला काका, काय तब्येत आहे त्याची!" असंही जोडायचो. काका माझ्या नजरेवर इतके खूश की टोळीत सांगत, "ह्या पोट्ट्याचे डोळे घारीचे हाय." पंचेचाळिशीच्या, पोट सुटलेल्या पोट्ट्यानं ते ऐकून घेतलं. गालातल्या गालात हसलोही असेन.

त्या अकरा वर्षांतला मोठा पक्षी म्हणजे खवल्या. हे काकांनी ठेवलेलं नाव. कस्तुराच्या जातीचा, जमिनीवरचा, अंगभर माशाच्या खवल्यांसारख्या काळ्या चंद्रकोरी. आपल्याकडे क्वचितच उतरणारा. एका जानेवारीत नाल्याच्या काठी तो काकांना सापडला. त्या वेळी मी एका भावी आमदाराच्या फोटोतले खड्डे बुजवत होतो. "दिसला का गा?" या वेळी काकांचा आवाज कापत होता. मी फोनवरून नजर न काढता हात वर केला. काका घरी जाऊन दोन पानं लिहीत बसले. सही मी पानं न वाचताच केली.

मागच्याच्या मागच्या वर्षी मृणाल नावाची एक तरुण अभ्यासक आली. जिल्ह्याच्या पक्ष्यांची नवी यादी तयार होत होती, आणि जमिनीवरच्या पक्ष्यांसाठी तिला काकांच्या वह्या हव्या होत्या. अकरा वर्षं, दर रविवार, एकच जागा. असं तिला दुसरीकडे कुठंच मिळालं नव्हतं. काकांच्या समोरच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोखाली खुर्च्या मांडल्या होत्या. काकूंनी ठेवणीतले कप काढले होते. काका इस्त्रीचा मनिला घालून बसले होते. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल तपासलेल्या माणसाचा स्वतःचा माल आज कुणीतरी तपासायला आलं होतं, आणि तो पास होणार याची त्यांना खात्री होती.

मृणालनं खवल्याचं पान काढलं. काकांचं वर्णन मनात वाचलं, मान हलवली आणि वही मिटून माझ्याकडे वळली. "दुसरी सही तुमची ना? तुम्हाला कसा दिसला तो? चालताना काय करत होता?"

नीट बघा, सुटायला जागा होती. "आता आठवत नाही" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण समोर ऐकणारं माणूस आलं की मी राहतो होय? मी खुर्चीत पुढे सरकलो. सांगितलं की त्यानं दोन्ही पायांनी पाला असा उकरला की धूळ उडाली, कोंबडीनं उकरावा तसा, आणि मग शेपटीचा पंखा करून त्यानं आमच्याकडे जी नजर टाकली... नजरेपर्यंत पोचलो तेव्हा खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं. मला वाटलं, रंगली गोष्ट.

कस्तुराच्या जातीचा पक्षी पायानं उकरत नाही. काकांच्या वर्गवारीतलं पहिलं पान ते. आमच्या टोळीत काल आलेल्यालाही ते पाठ असतं. काकांनी वहीत लिहिलं होतं की खवल्या चालताना अंग खालीवर झुलवतो आणि डोकं मात्र जागच्या जागी ठेवतो. मृणालनं नुसतं काकांकडे पाहिलं.

"तू पाहिला होता का गा?" काकांनी विचारलं. आवाज नेहमीचाच होता.

"काका, तुम्ही पाहिला म्हणजे मी पाहिल्यासारखाच..."

"मी माह्यं नाही विचारून राहिलो. तुह्यं विचारतो."

"नाही," मी म्हणालो.

मृणालच घाईघाईनं म्हणाली, "काका, त्यानं काही अडत नाही. एकट्याची नोंदही चालते. तुमचं वर्णन इतकं बरोबर आहे की मला दुसऱ्या सहीची गरजच नाही."

"तुमच्या यादीत चालते, बाई," काका म्हणाले. "माह्या वहीत नाही चालत." आणि तिच्या पुढ्यातल्या अकराही वह्या त्यांनी एकेक करून परत आपल्या मांडीवर घेतल्या. "मी तपासून देतो."

त्यानंतरचे चार महिने मी रविवारी सेमिनरी हिल्सवर गेलो नाही, काकांच्या घरी गेलो. कारखान्यात मालात खोट निघाली की एकेक नग पुन्हा हातात घेऊन निवडत, तसं त्यांनी चालवलं होतं. पहिल्या वहीच्या पहिल्या पानापासून ते भिंग धरून नोंद वाचत. मी सांगायचं: पाहिला की नाही पाहिला. काकू चहा आणून ठेवत आणि माझ्याकडे न बघता म्हणत, "आले का पाखरं मारायले?" काका त्यांना गप्प करत. मला एका शब्दानं बोलले नाहीत. चहात साखर कमी वाटते का, तेवढं मात्र विचारत.

मला वाटलं होतं, खोटं तेवढं कबूल केलं की सुटलो. पण बसल्यावर कळलं की मला आठवतच नाही. कोणता खरा पाहिला, कोणत्यावर नुसता हात वर केला, कोणता मी पानठेल्यावर इतक्या वेळा सांगितला की तो आपोआप पाहिलेला झाला, सगळं एकात एक कालवलेलं. मी तिसऱ्यांदा "आठवत नाही" म्हणालो तेव्हा काकांनी पेन खाली ठेवलं.

"नाही पाहिला आणि आठवत नाही, हे दोन वेगळे हाय," ते म्हणाले. "पण कागदाले दोन्ही सारखेच." आणि काट मारली. पट्टी लावून, सरळ. माझ्या थापांवरसुद्धा त्यांनी कधी वेडीवाकडी रेघ ओढली नाही.

चौथ्या वहीत नवरंग आला. तो मी खरंच पाहिला होता, मोहाच्या झाडाखाली, पावसाळ्याच्या तोंडी. मी खुर्चीवरून उठलोच. "हा पाहिला काका! आईशपथ पाहिला!"

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "शपथ काहून घेतो? बाकीच्याईले घेतली नव्हती न."

मी बसलो. त्यांनी ती सही राहू दिली. पण मला ती नोंद त्यानंतर कधी आपली वाटली नाही.

अकरावी वही संपली तेव्हा पाचातल्या चार नोंदींवर काट होती. हे मी फुगवत नाही. इथं फुगवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. उरलेल्या तरी मृणालला द्या असं मी म्हणालो. काका वह्यांना सुतळी बांधत होते. "निवडणाराच भरवशाचा नाही," ते म्हणाले, "तर निवडलेला माल कोण घेईन? अख्खा लॉट परत." रागावले असते तर बरं झालं असतं. कारखान्यात शिफ्ट संपताना शेरा मारावा तितक्या साधेपणानं ते बोलले. मृणाल दोनदा येऊन गेली, विनवून गेली. त्यांनी वह्या दिल्या नाहीत. यादी निघाली, तिच्यात खवल्या नाही आणि काकांचं नावही नाही. प्रकाशनाचा बोर्ड माझ्याच दुकानात छापला. मी कोपऱ्यात काकांचा फोटो टाकू का म्हणून विचारायला गेलो, 'ज्येष्ठ पक्षीनिरीक्षक' असं मोठ्या अक्षरांत. "काहून?" काका म्हणाले. बोर्ड फोटोशिवायच गेला.

मी समजलो, संपलं. पण त्याच आठवड्यात शनिवारी त्यांचा फोन आला. "उद्या येतो न? दुसरा लागतेच." मी वेळेच्या आधी पोचलो. त्यांनी माझ्या हातात कोरी वही दिली आणि पेन दिलं. "आता तू पाहायचं, लिहायचं. मी दुसरा. माहे डोळे गेले, म्हणून नोंदी कमी होतीन. होऊ दे." डोळ्यांच्या मागच्या पडद्याचं काहीतरी होतं; मधोमध डाग दिसायचा आणि कडेकडेनं जग. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे अलीकडची दोन-तीन वर्षं त्यांचा खरा आधार माझी नजर होती. ती माझी नजर. घारीची.

त्या हिवाळ्यात मी जसं पाहिलं तसं आयुष्यात कधी पाहिलं नाही. एका सकाळी बांबूखाली कस्तूर उतरला, नारंगी डोक्याचा, पंधरा पावलांवर, उन्हात. मी काकांचा हात धरून बोटाची दिशा दाखवली. "काका, तिथं. थांबला. दोन पावलं गेला. टोचा मारला." एक अक्षर वाढवलं नाही. काका मान तिरपी करून, कडेनं पकडायला बघत, कितीतरी वेळ उभे होते. कस्तूर तिथंच होता. मला त्याच्या पायाचा रंग दिसत होता. त्यांनी फक्त "दिसला" म्हणायचं होतं. म्हणायला काय लागतं? मला अकरा वर्षं काही लागलं नव्हतं.

"मले नाही दिसला गा," काका म्हणाले.

"पण आहे काका तो. आत्ताही आहे."

"असन. मी कुठं नाही म्हणतो? पाहून घे तू." आणि माझा पक्षी उडू नये म्हणून ते हळूच दोन पावलं मागं सरले.

काका जाऊन आता सहा महिने झाले. ही शेवटची वही माझ्याकडे आहे, माझ्याच अक्षरात. पानावर तारीख आहे, थंडी किती होती ते आहे, वारा होता की नव्हता ते आहे. त्याखाली बहुतेक पानं कोरी आहेत. मी पाहिलेले पक्षी त्यांच्यात नाहीत, कारण दुसरी सही नाही. सुतळीत बांधलेल्या त्या अकरा वह्याही काकूंनी मला देऊन टाकल्या. घरात नको म्हणाल्या. परवा सुतळी सोडून त्या चाळत बसलो होतो. भर पावसातला रविवार असो, धुकं पडलेला असो, टोळीतलं दुसरं कुणी आलेलंच नाही असा असो, त्या अकरा वर्षांत एकही पान कोरं नाही.